वजनाचा रकाना : ‘बॉक्सरेक’ या नोंदस्थळाविषयी

हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड वजनगटातल्या बॉक्सिंगवरचा वाद कुठूनही सुरू झाला तरी शेवटी तीन प्रश्नांपाशी येऊन अडतो. आजच्या धिप्पाड मुष्टियोद्ध्यांपुढे जुन्या काळची माणसे टिकली असती का, कुणाचा दमसास खरा होता, आणि चार संघटनांचे चार पट्टे असताना खरा जगज्जेता कुणाला म्हणायचे? १८ मे २०२४ रोजी रियाधमध्ये ओलेक्झांडर उसिकने टायसन फ्युरीला हरवले, तेव्हा आपल्याकडे रविवारची पहाट होती. लढत संपल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत आम्हा चार मित्रांमध्ये हेच तीन प्रश्न फिरत राहिले. त्या दिवशी मी ‘बॉक्सरेक’ उघडून बसलो आणि तेव्हापासून या विषयावर बोलण्याआधी ते उघडायची सवय लागली. त्याचा उपयोग कशासाठी होतो आणि कशासाठी होत नाही, ते सविस्तर लिहावेसे वाटते.

बॉक्सरेक ही व्यावसायिक बॉक्सिंगच्या नोंदींची वेबसाइट आहे. ती जॉन शेपर्ड यांनी २००० साली इंग्लंडमध्ये सुरू केली आणि तिच्यातली बरीचशी माहिती जगभरातल्या हौशी संपादकांनी भरलेली आहे. सदस्यत्वाला पैसे पडत नाहीत. मुष्टियोद्ध्याचे पान उघडले की उंची, हातांचा पल्ला आणि उभे राहण्याची पद्धत दिसते. त्याखाली पहिल्या लढतीपासून शेवटच्या लढतीपर्यंतची यादी असते. जिंकलेली लढत हिरव्या चौकोनात, हरलेली लाल आणि बरोबरीची निळ्या. प्रत्येक लढतीच्या नोंदीत ठिकाण, ठरलेल्या फेऱ्या, निकाल आणि दोघांची वजने मिळतात. गुणांवर निकाल लागला असेल तर बहुतेक वेळा परीक्षकांची गुणपत्रकेही. मजकूर इंग्रजीत आहे, पण ठरावीक लघुरूपे दोन दिवसांत डोळ्यांत बसतात आणि मग भाषेची अडचण राहत नाही.

नवखा वाचक पहिल्यांदा दोन प्रतिस्पर्ध्यांची वजने शेजारी ठेवून पाहतो. मीही तेच केले. हेवीवेटला वजनाची वरची मर्यादा नसल्यामुळे तिथे थक्क करणारे आकडे सापडतात. १९१९ मध्ये टोलेडोला जॅक डेम्प्सी १८७ पौंडांचा होता आणि जेस विलर्ड २४५ पौंडांचा. पहिल्याच फेरीत विलर्ड सात वेळा खाली पडला आणि तिसऱ्या फेरीनंतर खुर्चीवरून उठला नाही. २००९ मध्ये न्युरेंबर्गला सात फुटी निकोलाय वालुएव ३१६ पौंडांचा होता आणि त्याला गुणांवर हरवणारा डेव्हिड हे जवळजवळ शंभर पौंडांनी हलका होता. असे चार-सहा निकाल वाचले की आकाराला काही किंमत नाही असे वाटू लागते, आणि ते चुकीचे आहे. लेनॉक्स लुइस आणि क्लिचको बंधू यांच्या याद्या एका बैठकीत वाचा. साडेसहा फूट उंची, २४० पौंडांच्या आसपासचे वजन, लांब डावा हात आणि बारा फेऱ्या पुरणारा श्वास एकाच माणसात एकत्र आले की काय होते, ते तिथे ओळीने दिसते. व्लादिमीर क्लिचको तर २००४ नंतर थेट नोव्हेंबर २०१५ पर्यंत हरला नाही. म्हणजे आकार कामाला येतो, पण तो शेवटच्या फेरीपर्यंत पेलता आला तर.

पेलता येतो की नाही, हे प्रतिस्पर्ध्याच्या वजनाशी तुलना करून कळत नाही. ते कळते त्याच माणसाचे आधीचे वजन पाहून. बॉक्सरेकचा माझ्या मते सर्वांत मोठा उपयोग हाच आहे. एकाच मुष्टियोद्ध्याची वजने लढतींच्या क्रमाने वाचत गेले की तालमीत काय चालले होते याचा अंदाज येतो, आणि तो अंदाज पत्रकार परिषदांतल्या बोलण्यापेक्षा जास्त भरवशाचा असतो.

बस्टर डग्लसचे पान घ्या. ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत माइक टायसनसमोर तो २३१½ पौंडांवर उतरला. टायसन तोवर ३७ लढतींत अजिंक्य होता आणि सट्टेबाजांच्या लेखी डग्लसला जवळपास काहीच संधी नव्हती. तीन आठवड्यांपूर्वीच डग्लसची आई वारली होती. तो आठव्या फेरीत खाली पडला, पंचांच्या दहापर्यंतच्या मोजणीत नऊच्या आकड्याला उठला आणि दहाव्या फेरीत त्याने टायसनला असे झोपवले की जगज्जेता गुडघ्यांवर येऊन जमिनीवर पडलेला आपला माउथपीस चाचपत होता. आता यादीतली पुढची ओळ. २५ ऑक्टोबर १९९०, प्रतिस्पर्धी इव्हँडर होलिफिल्ड, डग्लसचे वजन २४६. साडेआठ महिन्यांत साडेचौदा पौंड, म्हणजे साडेसहा किलोंहून अधिक. होलिफिल्ड २०८ पौंडांचा, म्हणजे अडतीस पौंडांनी हलका. तिसऱ्या फेरीत डग्लसचा अपरकट, म्हणजे खालून वर मारलेला ठोसा, हुकला, होलिफिल्डचा उजवा ठोसा बसला आणि लढत तिथेच संपली. ज्याने टोकियोची लढत पाहिली आहे, त्याला या दोन आकड्यांमधले अंतर पाहून वाईट वाटल्याशिवाय राहत नाही. हा माणूस हेवीवेटच्या इतिहासातली सर्वांत मोठी उलथापालथ करून आला होता आणि पुढच्याच लढतीला तो तयारीनिशी आला नाही.

अँडी रुइझचे पान त्याहून बोलके आहे, कारण तिथे डोळ्यांना दिसणारे आणि आकड्यांत असलेले वेगळे निघते. १ जून २०१९ ला न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो ऐन वेळचा बदली खेळाडू म्हणून अँथनी जोशुआसमोर उभा राहिला तेव्हा २६८ पौंडांचा होता. सुटलेले पोट पाहून बहुतेकांनी त्याला मोडीत काढले. पण यादीत एक ओळ मागे गेले की सहा आठवड्यांपूर्वीच्या लढतीत तो २६२ पौंडांवर उतरल्याचे दिसते. म्हणजे तो त्याच्या नेहमीच्या वजनाच्या जवळच होता आणि नुकताच लढून आल्यामुळे अंगात लय होती. त्याने जोशुआला चार वेळा पाडून सातव्या फेरीत हरवले. सहा महिन्यांनी, ७ डिसेंबरला सौदी अरेबियातल्या दिरियात परतीची लढत झाली. रुइझ २८३½ वर पोहोचला होता आणि जोशुआ २४७¾ वरून २३७ वर उतरला होता. बारा फेऱ्या जोशुआ त्याच्याभोवती फिरत राहिला आणि गुणांवर जिंकला. पोट पहिल्या वेळीही होते. फरक त्या साडेपंधरा पौंडांचा होता. आपल्याकडे तालमीत पैलवानाचा दमसास पाहतात, नुसता घेर पाहत नाहीत, आणि इथेही त्याच नजरेने पाहावे लागते.

मात्र एवढ्यावरून वजन वाढले की लढत हातची गेली असा सरसकट नियम करता येत नाही, आणि बॉक्सरेक प्रामाणिकपणे वाचणाऱ्याला ते लगेच कळते. फ्युरी डिऑन्टे वाइल्डरशी पहिल्यांदा लढला तेव्हा २५६½ पौंडांचा होता आणि लढत बरोबरीत सुटली. दुसऱ्या वेळी तो २७३ चा होता आणि सातव्या फेरीत जिंकला. तिसऱ्या वेळी २७७ चा होता आणि अकराव्या फेरीत जिंकला. तिथे वाढलेले वजन हे ठरवून केलेले काम होते : वाइल्डरच्या अंगावर ओझे टाकायचे, त्याला मागे रेटायचे आणि त्याचे पाय थकवायचे. हीच चाल उसिकविरुद्ध लागू पडली नाही. मे २०२४ मध्ये फ्युरी २६२ वर होता आणि लढत विभागून दिलेल्या निर्णयाने गेली, एका परीक्षकाने तर ती फ्युरीला दिली होती. डिसेंबरमध्ये तो २८१ वर आला आणि तिन्ही परीक्षकांनी ११६-११२ असे गुण उसिकला दिले. जो समोर उभाच राहत नाही, त्याच्या अंगावर रेलणार कसे? म्हणून वजनाचा आकडा नेहमी समोरच्या माणसाच्या पायांसोबत वाचावा लागतो, आणि पायांचा रकाना या वेबसाइटवर नाही.

आकड्यांविषयी एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. हल्लीच्या लढतींची वजने लढतीच्या दिवशी घेतलेली नसतात, आदल्या दिवशीची असतात, आणि हेवीवेटमध्ये मर्यादेचा प्रश्न नसल्यामुळे कुणी अंगभर कपड्यांनिशी तराजूवर उभा राहतो. मे २०२४ मध्ये उसिकचे वजन आधी २३३½ जाहीर झाले आणि नंतर ते २२३½ असल्याची दुरुस्ती करण्यात आली. मधल्या वेळात उसिकने दहा पौंड चढवल्याचे अर्थ लावून झाले होते. जुन्या नोंदी तर आणखी जपून घ्याव्यात. १९४१ मध्ये बिली कॉन तेव्हाचा जगज्जेता जो लुइस याच्याविरुद्ध उतरला तेव्हा त्याचे जाहीर वजन १७४ सांगितले गेले, प्रत्यक्षात ते त्याहून कमी होते असे नंतर सर्वत्र सांगितले जाते.

कॉनचा विषय निघालाच आहे तर बॉक्सरेकवरच्या दुसऱ्या एका दुर्लक्षित आकड्याकडे वळतो : लढत किती फेऱ्यांची ठरली होती. १८ जून १९४१ ला न्यू यॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर बारा फेऱ्या संपल्या तेव्हा कॉन दोन गुणपत्रकांवर पुढे होता आणि तिसऱ्यावर बरोबरी होती. लढत पंधरा फेऱ्यांची होती. तेराव्या फेरीत तो लुइसला झोपवायला गेला आणि स्वतःच पडला. १९५२ मध्ये फिलाडेल्फियात रॉकी मार्सियानो बारा फेऱ्यांनंतर जर्सी जो वॉलकॉटच्या मागे होता आणि तेराव्या फेरीतल्या एका उजव्या ठोशाने जगज्जेता झाला. आजच्या बारा फेऱ्यांच्या हिशेबात कॉन जगज्जेता ठरला असता आणि वॉलकॉटने किताब राखला असता. १९८२ मध्ये दुक कू किम या कोरियन मुष्टियोद्ध्याचा रिंगमधल्या दुखापतीने मृत्यू झाल्यानंतर जागतिक लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर येत गेल्या, आणि तो बदल योग्यच होता. पण जुन्या आणि नव्या माणसांच्या दमसासाची तुलना करताना या तीन फेऱ्या विसरणारा माणूस अर्धाच हिशेब मांडतो. १८५ पौंडांच्या मार्सियानोला आजच्या २५० पौंडांच्या माणसासमोर उभे करायचे असेल, तर त्या २५० पौंडांना तेराव्या फेरीतही उभे करावे लागेल.

खऱ्या जगज्जेत्याच्या प्रश्नावर बॉक्सरेकची नोंद जितकी संपूर्ण आहे तितकीच ती गोंधळात टाकणारी आहे. लढतीच्या ओळीखाली किताबांची नावे येतात : रिक्त किताब, हंगामी किताब, ‘सुपर’ किताब. संघटनांनी जे वाटले ते तिथे जसेच्या तसे उतरते आणि कुठला किताब मोलाचा हे वेबसाइट सांगत नाही. पण एक गोष्ट करता येते, आणि माझ्या दृष्टीने तीच या सेवेची खरी मजा आहे. आजच्या माणसापासून सुरुवात करून त्याने ज्याला हरवले त्याचे पान उघडायचे, मग त्याने ज्याला हरवले त्याचे. लेनॉक्स लुइसच्या पानावरून मागे निघालो की १९९८ मध्ये शॅनन ब्रिग्ज, त्याच्या मागे पंचेचाळिसाव्या वर्षी किताब मिळवणारा जॉर्ज फोरमन, मग मायकेल मूरर, होलिफिल्ड, रिडिक बो, पुन्हा होलिफिल्ड, डग्लस, टायसन, मायकेल स्पिंक्स, लॅरी होम्स आणि १९८० चा थकलेला मुहम्मद अली. पट्टे या काळात किती हातांतून गेले, काढून घेतले गेले, बोने तर एक पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला; पण हरवणाऱ्याची साखळी अखंड राहते. लुइसने २००४ मध्ये निवृत्ती घेतली तिथे ती तुटते, आणि फ्युरी २०१५ मध्ये व्लादिमीर क्लिचकोला हरवल्यानंतर अडीच वर्षे लढला नाही तिथे पुन्हा शंका येते. या दोन ठिकाणी वाद घालायला जागा आहे, इतरत्र फारशी नाही.

अन्याय मात्र त्या चौकोनांत दिसत नाही. १३ मार्च १९९९ ची लुइस आणि होलिफिल्ड यांची पहिली लढत लुइसने स्पष्ट जिंकल्याचे बहुतेक पाहणाऱ्यांचे मत होते. यादीत तिथे एक निळा चौकोन आहे, बाकी काही नाही. आत जाऊन गुणपत्रके पाहिली तर एका परीक्षकाने होलिफिल्डला ११५-११३ असे पुढे ठेवलेले दिसते. तेवढ्यावरून ज्याने लढत पाहिली नाही त्याला काय कळणार? मानांकनाबाबतही माझी तक्रार आहे. बॉक्सरेकचे मानांकन संगणकाच्या सूत्राने ठरते. त्यात कुणाची मर्जी चालत नाही हे चांगले. पण कोण उतरणीला लागला आहे आणि कोणाची लढत चोरली गेली, हे सूत्राला समजत नाही. मी ते पान उघडतच नाही. मला खरोखर हवी असलेली सोय तिथे नाही, ती म्हणजे एका माणसाच्या सगळ्या वजनांचा चढउतार एका आलेखात. आज तो आपल्यालाच वहीत मांडावा लागतो.

तसा मी लेनॉक्स लुइसचा मांडला आहे. २२ एप्रिल २००१ ला दक्षिण आफ्रिकेत, उंचावरच्या विरळ हवेत, तो उशिरा पोहोचून २५३½ पौंडांवर उतरला आणि हसीम रहमानने त्याला पाचव्या फेरीत झोपवले. नोव्हेंबरमध्ये तो सात पौंड उतरवून आला आणि चौथ्या फेरीत किताब परत घेतला. पानावरची शेवटची ओळ २१ जून २००३ ची आहे. प्रतिस्पर्धी व्हिताली क्लिचको, लुइसचे वजन २५६½, सगळ्या कारकिर्दीतले सर्वाधिक. सहा फेऱ्यांनंतर तिन्ही परीक्षकांच्या हिशेबात तो मागे होता. व्हितालीच्या डोळ्यावरच्या जखमेमुळे डॉक्टरांनी लढत थांबवली आणि चौकोन हिरवा झाला. त्यानंतर लुइस पुन्हा लढला नाही.