एकाच एनटीएफएस पार्टिशनवर विंडोज आणि लिनक्सची सामायिक स्टीम लायब्ररी: काही महिन्यांनंतर

माझ्या संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत; हा खटाटोप मी निव्वळ काटकसरीपोटी आरंभला. 'बाल्डर्स गेट ३' आणि 'रेड डेड रिडेम्प्शन २' हे प्रत्येकी दीडशे जीबी जागा मागणारे खेळ एक टीबीच्या एसएसडीवर दोनदा ठेवणे मला पटेना. विंडोज काढूनच टाकावे, तर 'व्हॅलोरंट'ची व्हॅनगार्ड ही फसवेगिरी रोखणारी यंत्रणा लिनक्सवर चालत नाही आणि मित्रमंडळी तोच खेळ खेळतात. म्हणून एनटीएफएस या विंडोजच्या फाइल पद्धतीचे एक पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग) केले, दोन्हीकडच्या स्टीमला (खेळ विकत घेऊन उतरवण्याच्या प्रोग्रामला) तेच दाखवले आणि सुरुवातीला सारे इतके सुरळीत चालले की मी चारचौघांना याची शिफारसही केली.

मग एके दिवशी विंडोज सुरू होताना डिस्क तपासणी झाली आणि त्यानंतर लिनक्सवर एका खेळातली माझी सगळी प्रगती नाहीशी झालेली आढळली. मूळ होते 'कॉम्पॅटडेटा' या फोल्डरमध्ये. प्रोटॉन (विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारे स्टीमचे साधन) प्रत्येक खेळासाठी तिथे एक प्रीफिक्स, म्हणजे लुटुपुटीचा सी ड्राइव्ह, तयार करतो आणि त्यातल्या 'डॉसडिव्हाइसेस' फोल्डरमध्ये 'सी:' आणि 'झेड:' अशा नावांच्या लिंक (सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या फाइल) ठेवतो. लिनक्सला नावातले अपूर्णविरामचिन्ह चालते, विंडोजला ते मुळीच चालत नाही. त्यामुळे एकाने निमूटपणे लिहिलेली फाइल दुसऱ्याच्या लेखी डिस्कवरचा दोष ठरते. खेळाची प्रगती त्याच प्रीफिक्समध्ये साठवलेली होती आणि त्या खेळाला क्लाउड सेव्हची (प्रगती इंटरनेटवर जपण्याची) सोय नव्हती.

लिनक्समध्ये पार्टिशन माउंट करताना, म्हणजे वापरासाठी जोडताना, 'विंडोज_नेम्स' हा पर्याय दिला की अशी नावे तयारच होत नाहीत, हे वाचून मला हायसे वाटले. परंतु मग त्या लिंकच बनत नसल्याने प्रोटॉनचा प्रीफिक्सही उभा राहत नाही. एक्सफॅट या दुसऱ्या फाइल पद्धतीवर तर सिमलिंकच बनत नाहीत, त्यामुळे तोही मार्ग बंद. खरा उपाय एका ओळीचा आहे: 'कॉम्पॅटडेटा' होम फोल्डरमध्ये, ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल पद्धतीच्या पार्टिशनवर ठेवायचे आणि लायब्ररीत त्याच्या जागी केवळ सिमलिंक करायची. प्रोटॉन स्वतःही ईएक्सटी४ वरच इन्स्टॉल केलेला बरा. एवढी साधी गोष्ट एनटीएफएसवर लायब्ररी जोडताना स्टीमनेच बजावून सांगायला काय हरकत आहे, हा राग माझ्या मनातून अद्याप गेलेला नाही.

लिनक्सला एनटीएफएस वापरू देणाऱ्या ड्रायव्हरबद्दलचे माझे मत मात्र आता बदलले आहे. लिनक्स ५.१५ पासून, म्हणजे २०२१ पासून, कर्नेलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) असलेला एनटीएफएस३ हा ड्रायव्हर 'डर्टी' (नीट बंद न झालेले) अशी खूण असलेले पार्टिशन सक्तीचा पर्याय दिल्याशिवाय माउंट करत नाही आणि याचा मला फार वैताग येत असे. विंडोजचे फास्ट स्टार्टअप चालू असले की 'शट डाउन' केल्यावरही यंत्रणा अर्धवट हायबरनेट झालेली असते. अशा पार्टिशनवर लिनक्सने लिहिण्यापेक्षा त्याने सरळ नकार द्यावा, हेच आज मला योग्य वाटते. फास्ट स्टार्टअप तेवढे आठवणीने बंद करावे.

ज्या खेळांची लिनक्स आवृत्तीही उपलब्ध आहे, ते आणखी एक दुखणे. स्टीम लिनक्सवर त्या आवृत्तीच्या फाइल उतरवते, विंडोजमध्ये गेले की पुन्हा विंडोजच्या, आणि महिन्याचा ठरावीक डेटा असणाऱ्या माझ्यासारख्याच्या पोटात गोळा येतो. खेळाच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन प्रोटॉनची सक्ती केली की दोन्हीकडे त्याच फाइल वापरल्या जातात.

एवढे करूनही सामायिक होतात त्या केवळ खेळाच्या फाइल. तुमची प्रगती क्लाउडवर नसेल, तर विंडोजमधली डॉक्युमेंट्समध्ये आणि लिनक्समधली प्रीफिक्समध्ये, अशी वेगवेगळी राहते. त्यामुळे क्लाउड नसलेले खेळ मी आता फक्त लिनक्सवर खेळतो आणि त्यांच्या सेव्ह फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवतो.