कादंबरी-लेखनाच्या तीन कार्यशाळा : शेवटची संपल्यानंतर आठ महिन्यांनी

गेल्या पाच वर्षांत मी कादंबरी-लेखनाच्या तीन कार्यशाळा केल्या. पहिलीला गेले तेव्हा माझ्याजवळ टिपणांच्या फक्त दोन वह्या होत्या, दुसरीच्या वेळी कादंबरी निम्मी लिहून झाली होती आणि तिसरीला मी पूर्ण खर्डा घेऊन गेले. ही तिसरी कार्यशाळा नऊ महिने चालली आणि ती संपूनही आता आठ महिने झाले आहेत. शेवटच्या दिवशी लिहून दिलेल्या अभिप्रायात कृतज्ञताच अधिक असते, म्हणून मी मुद्दाम थांबले होते. तिथे शिकलेल्यातले काय अंगवळणी पडले आणि काय मागे राहिले, हे आता बऱ्यापैकी कळते. माझे मत आधीच सांगते. कार्यशाळा निवडताना मार्गदर्शकाचे नाव पाहण्याआधी आपले लेखन कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहावे, कारण एकच पद्धत एका टप्प्यावर कादंबरीला तारते आणि दुसऱ्या टप्प्यावर तिची वाट अडवते. माझ्या बाबतीत दोन्ही घडले.

मी कऱ्हाडला माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. माझे आजोळ पाटण तालुक्यातले. आजीचे मूळ गाव कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेले आणि पुढे ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात तिचे दुसरे घरही पडले. दोनदा घर गेलेल्या या कुटुंबाची कादंबरी लिहायची, एवढेच मला सुरुवातीला ठाऊक होते.

पहिली कार्यशाळा म्हणजे दोन दिवसांचे निवासी शिबिर होते. चाळीसएक शिबिरार्थी आणि चार व्याख्याने, असे त्याचे स्वरूप होते. व्याख्याते मान्यवर होते आणि मनापासून बोलले, पण ते स्वतःच्या लेखनप्रवासाविषयी बोलले आणि दुसऱ्याच्या प्रवासवर्णनावरून आपली वाट सापडत नाही. तिथला एकच सराव माझ्या उपयोगी पडला. आपल्या स्वयंपाकघराचे वर्णन त्या घरात काल लग्न होऊन आलेल्या मुलीच्या नजरेने करायचे होते. डबे कुठे आहेत हे मला माहीत होते, तिला ते शोधावे लागत होते, आणि त्या शोधण्यातून घरातली माणसे आपोआप दिसू लागली. ज्यांनी अजून लिहायला सुरुवात केलेली नाही, त्यांनी असे शिबिर जरूर करावे. मात्र त्यातून कादंबरी पुढे सरकेल अशी अपेक्षा ठेवू नये.

दुसऱ्या कार्यशाळेविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण तिच्यामुळे माझे जवळजवळ एक वर्ष गेले. ती दर आठवड्याला ऑनलाइन भरत असे. अकरा जण होते, प्रत्येकाने पाळीपाळीने दहा-बारा पाने वाचायची, इतरांनी त्यावर बोलायचे आणि तेवढा वेळ लेखकाने गप्प बसायचे, असा नियम होता. लिहिणाऱ्यांनी एकत्र बसून एकमेकांचे लेखन तपासण्याची ही रीत जगभर पसरली आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९३६ पासून चाललेली लेखन-कार्यशाळा तिचे सर्वांत नावाजलेले उदाहरण आहे. कथेसाठी आणि कवितेसाठी ही पद्धत फार चांगली आहे, कारण कथा एका बैठकीत पूर्ण वाचून होते आणि बोलणाऱ्यांसमोर ती आरंभापासून शेवटापर्यंत उभी असते. कादंबरीचे तसे नाही. बारा पाने वाचणारा माणूस त्या बारा पानांतच पूर्णता शोधतो आणि जे पुढे दोनशेव्या पानावर उलगडायचे आहे, ते इथेच का नाही असे विचारतो. तो प्रश्न चुकीचा असतो असे मी म्हणणार नाही, पण लेखकाला तो फार लवकर विचारला जातो. मी त्या प्रश्नांची उत्तरे देत गेले. पहिली तीन प्रकरणे मी सात वेळा लिहिली, ती अधिकाधिक घोटीव होत गेली आणि चौथे प्रकरण अकरा महिन्यांत लिहून झाले नाही.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. प्रकरणाप्रकरणाने वाचकांसमोर जाण्याची परंपरा मराठीत जुनी आहे. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि आपल्या कादंबऱ्या त्यातून क्रमशः छापल्या. तेव्हा भागाभागाने वाचण्यात काही दोष आहे असे नाही. पण त्या कादंबऱ्या भागांसाठीच रचल्या जात होत्या, छापलेला भाग परत घेता येत नव्हता आणि पुढच्या आठवड्याचा मजकूर देणे भागच होते. आमच्या कार्यशाळेत मागे जाण्याची पूर्ण मुभा होती आणि पुढे जाण्याची कोणतीही सक्ती नव्हती. आयोजकांकडे मी हे दोनदा मांडले. वेळापत्रक सर्वांसाठी एकच राहील, असे उत्तर मिळाले. त्यानंतर मी ती कार्यशाळा सोडली आणि पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, कोणालाही न दाखवता, उरलेली कादंबरी लिहून काढली. खर्डा १,१२,००० शब्दांचा झाला.

तिसऱ्या कार्यशाळेत पूर्ण खर्डा असल्याशिवाय प्रवेश नव्हता. सहा जण, एक मार्गदर्शक आणि दर महिन्याचा दुसरा रविवार, पुण्यात, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, अशी तिची आखणी होती. पहिल्या महिन्यात ओळख आणि पद्धत, पुढचे सहा महिने दरमहा एका सहभागीची संपूर्ण कादंबरी आणि शेवटचे दोन महिने पुनर्लेखन. शुल्क २४,००० रुपये होते आणि ते दोन हप्त्यांत भरता येत होते. कऱ्हाडहून पुणे साधारण १६० किलोमीटर आहे. पहाटेची एसटी पकडून मी नऊही रविवार गेले आणि एकाही दिवसाचा मला पश्चात्ताप झाला नाही.

या कार्यशाळेचा गाभा एका साध्या नियमात होता. कादंबरी आवडली की नाही हे सांगण्याआधी प्रत्येक वाचकाने तिचा सारांश एका पानात लिहून आणायचा आणि तो मोठ्याने वाचायचा. आपल्याकडे चारचौघांत दुसऱ्याच्या लेखनाविषयी बोलताना ‘छान उतरलंय’ हे शब्द आपसूक तोंडी येतात आणि त्यात सौजन्य असले तरी लेखकाच्या हाती काहीच लागत नाही. सारांशात सौजन्याला जागा नसते. माझ्या कादंबरीतले आजोबा भूकंपाच्या आदल्या वर्षी मुंबईला गिरणीत निघून जातात, हे मी माझ्या समजुतीप्रमाणे अगदी स्पष्ट लिहिले होते. पाच सहभागी आणि मार्गदर्शक मिळून सहा सारांश वाचले गेले आणि त्यांपैकी चारांमध्ये आजोबा भूकंपात दगावले होते. कोणीही माझ्यावर टीका केली नव्हती, तरी ती चार पाने ऐकताना माझ्या हातातली पेन्सिल थांबली. घरी येऊन पाहिले तेव्हा आजोबांच्या जाण्याचा एकमेव उल्लेख आजीच्या एका वाक्यात होता, आणि ‘ते गेले’ या मराठी शब्दांना दोन्ही अर्थ आहेत, हे चार वर्षे त्या वाक्यासोबत राहूनही माझ्या लक्षात आले नव्हते.

दुसरी गोष्ट पहिल्याच पानावरची. माझी कादंबरी अशी सुरू होत होती: ‘११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात भीषण भूकंप झाला तेव्हा सात वर्षांची सुमी गाढ झोपेत होती.’ मार्गदर्शकांनी या वाक्याखाली पेन्सिलीने एवढेच लिहिले होते: ‘सुमी झोपली आहे. मग हे कोण सांगतंय?’ त्या प्रश्नावर मी तीन आठवडे अडकले. निवेदक तृतीयपुरुषी असला म्हणजे त्याला सगळे माहीत असते, असे मी धरून चालले होते, पण उरलेली कादंबरी सुमीला जेवढे दिसते तेवढेच सांगत होती. आता सुरुवात अशी आहे: ‘सुमीला जाग आली ती उतरंडीच्या आवाजानं. वरचं गाडगं पडलं नव्हतं. सगळी उतरंडच चुलीकडं चालत निघाली होती.’ तारीख आता सदतिसाव्या पानावर येते, पडलेल्या घरासमोर पंचनामा लिहिणाऱ्या तलाठ्याच्या कागदावर, आणि तिथे ती अधिक जड वाटते.

बोलीविषयी मात्र आमच्यात मतभेद झाले. आजी एके ठिकाणी म्हणते, ‘पानी आलं न्हाय गं, आमास्नी न्यायला आलं.’ एका सहभागीचे म्हणणे होते की अशी वाक्ये थोडी प्रमाण भाषेकडे आणली तर सर्वदूरच्या वाचकांना सोपे जाईल. मला ते मान्य झाले नाही आणि आजही नाही. आजीचे बोलणे सोपे करायचे म्हणजे तिला पुन्हा एकदा घराबाहेर काढायचे. मात्र त्या चर्चेतून माझी खरी चूक समोर आली. मी एकाच पात्राच्या तोंडी कुठे ‘न्हाय’, कुठे ‘न्हाई’, कुठे ‘नाय’ लिहिले होते. तेव्हापासून बोलीतल्या शब्दांची वेगळी वही ठेवली आहे. कोणते पात्र कोणते रूप वापरते ते तिच्यात लिहिलेले असते आणि मुद्रितशोधनाच्या वेळी तीच वही सोबत द्यायची, असे ठरवले आहे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पहिल्या दोन महिन्यांत फाइलींचा गोंधळ झाला. दोघांनी युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेखन केले होते, त्या फाइली इतरांच्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात उघडल्या आणि शेवटी छापील प्रतींच्या झेरॉक्स काढून वाटाव्या लागल्या. प्रवेशाच्या वेळीच याची सूचना देणे सहज शक्य होते. मार्गदर्शकांचा ओढा छोट्या वाक्यांकडे होता आणि काही काळ आम्ही सहाही जण एकाच लयीत लिहू लागलो होतो, हे पुनर्लेखनाच्या शेवटच्या टप्प्यात कळले. मी काही लांब वाक्ये नंतर पुन्हा जोडून घेतली. सर्वांत मोठी उणीव प्रकाशनाच्या बाबतीत होती. नऊ महिन्यांत करारपत्राविषयी एक तासही बोलणे झाले नाही. पुढे एका प्रकाशकाकडून माझ्याकडे करार आला तेव्हा हक्क किती वर्षांसाठी द्यायचे याची जागा त्यात कोरी होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांच्या हस्तांतरात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो, हे मला एका वकील मैत्रिणीकडून समजले. पूर्ण खर्डा हाती असलेल्या लेखकाला या माहितीची गरज असतेच. तसेच, ज्यांचे एकही पुस्तक निघालेले नाही त्यांच्यासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, हेही तिथे कोणी सांगितले नाही. आमच्यापैकी चौघांना ते उपयोगी पडले असते.

आमच्या गटात एक ज्येष्ठ लेखक होते, ज्यांच्या तीन कादंबऱ्या आधी प्रसिद्ध झालेल्या आहेत. त्यांनी प्रत्येकाचे हस्तलिखित अतिशय आस्थेने वाचले, पण त्यांना स्वतःला या कार्यशाळेतून फारसे मिळाले असे मला वाटत नाही. नवोदिताला आपले लेखन दुसऱ्याला कसे दिसते हे कळण्याची गरज असते. त्यांना ते तीन पुस्तकांच्या वाचकांकडून कळून चुकले होते. चौथ्या कादंबरीत आपण स्वतःचीच पुनरावृत्ती करत आहोत का, एवढाच त्यांचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर देण्यासाठी आम्ही त्यांची आधीची पुस्तके नीट वाचलेली असणे आवश्यक होते. आमच्यापैकी दोघांनीच ती वाचली होती. अशा लेखकांना गटचर्चेपेक्षा सलग वेळ आणि जागा देणारी लेखननिवासाची सोय अधिक मोलाची ठरते. २००८ मध्ये सुरू झालेल्या संगम हाउससारख्या उपक्रमात भारतीय भाषांतल्या लेखकांनाही तशी संधी मिळते. मराठीत प्रस्थापित कादंबरीकारासाठी अशा सोयी वाढाव्यात असे मला मनापासून वाटते, कारण पहिल्या पुस्तकापर्यंत पोहोचवणारे हात आपल्याकडे बरेच आहेत आणि तिसऱ्या पुस्तकानंतर लेखक पुष्कळदा एकटा पडतो.

आठ महिन्यांनंतर माझ्याकडे टिकून राहिलेल्या गोष्टी मोजक्या आहेत. प्रत्येक प्रकरणासाठी एक पान असलेला तक्ता मी करते. त्यात काळ, स्थळ, नजर कोणाची आणि प्रकरणाच्या शेवटी वाचकाला काय नवे कळले, एवढेच लिहिते. नजरेच्या रकान्यात दोन नावे आली की ते प्रकरण पुन्हा उघडते. संवाद मोठ्याने वाचते. खर्डा आता ८४,००० शब्दांवर आला आहे, करारात मुदत लिहून घेतली आहे आणि हस्तलिखित छपाईपूर्व तपासणीत आहे.

गेल्या महिन्यात दुसरी कादंबरी सुरू केली. साठ पाने झाली आहेत. कऱ्हाडमधल्या दोन लिहिणाऱ्या मैत्रिणींनी दर शनिवारी एकमेकींना प्रकरणे वाचून दाखवू या, असे सुचवले. मी त्यांना सांगितले की त्यांची प्रकरणे मी आनंदाने ऐकेन, माझी मात्र पुढच्या उन्हाळ्यात, शेवटचे पान लिहून झाल्यावर, एकदम सगळी देईन; आणि वाचून झाल्यावर दोघींनी मला आधी फक्त सारांश लिहून द्यावा.