ग्रब, रीफाइंड की सिस्टमडी-बूट? एका मशीनवर विंडोज आणि लिनक्स ठेवताना

परळच्या आमच्या घरात दुसरं टेबल मावत नाही, त्यामुळे कॉम्प्युटर एकच. आई त्यावर विंडोजमध्ये सोसायटीचे हिशेब लिहिते, मी आणि भाऊ लिनक्स वापरतो. मी लोकलमध्ये असताना आईचा फोन येतो, "अगं, यातलं कुठलं दाबू?" ग्रब, रीफाइंड आणि सिस्टमडी-बूट हे तीन बूटलोडर, म्हणजे मशीन सुरू होताना कुठली सिस्टिम उघडायची ते विचारणारे छोटे प्रोग्राम. म्हणून माझ्या मते त्यातला एक निवडताना पहिला प्रश्न एकच: तुम्ही घरी नसताना हे मशीन कोण सुरू करणार आहे?

त्याआधी एक गोष्ट तपासा. विंडोजच्या सिस्टम इन्फर्मेशनमध्ये 'बायोस मोड' समोर 'लेगसी' लिहिलं असेल, तर निवड जवळपास झालीच. रीफाइंड आणि सिस्टमडी-बूट फक्त यूईएफआयवर, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या जुन्या बायोसच्या जागी आलेल्या नव्या व्यवस्थेवर चालतात, ग्रब दोन्हीकडे. लॅमिंग्टन रोडवरून जुनं मशीन आणलं असेल तर हे आधीच बघून ठेवा.

ग्रब उबुंटू, मिंट आणि फेडोरा या लिनक्सच्या वितरणांबरोबर आपोआप बसतं. एन्क्रिप्शन, बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम, जुनं बायोस, सगळ्याला ते पुरं पडतं. सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना फक्त सही असलेलेच प्रोग्राम चालू देणारी सोय, चालू ठेवायची असेल तर सगळ्यात कमी कटकट इथेच, कारण या वितरणांचं ग्रब मायक्रोसॉफ्टने सही केलेल्या 'शिम' या छोट्या प्रोग्राममधून सुरू होतं. तरीही ऑगस्ट 2024 मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर काही दुहेरी मशीनवरचं लिनक्स सिक्युअर बूटमध्ये उघडेना झालं, म्हणून बिनधास्त राहू नका. दुसरी अडचण शोधाची. इतर सिस्टिम शोधून मेनूत घालणारं ओएस-प्रोबर 2.06 आवृत्तीपासून मुळात बंद असतं, आणि मेनूत विंडोज दिसलं नाही की नवा माणूस घाबरतो. सेटिंगच्या फाइलमध्ये ते चालू करून अपडेट-ग्रब चालवलं की विंडोज दिसू लागतं. पण दोन लिनक्स असतील, तर दुसऱ्याचं कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलल्यावर पहिल्यात जाऊन हीच कमांड पुन्हा चालवायची. मला याचाच सगळ्यात जास्त कंटाळा येतो.

रीफाइंडमध्ये हा कंटाळा नाही. ते दर वेळी सुरू होताना डिस्क स्वतः धुंडाळतं आणि जे सापडेल त्याचं चित्र पडद्यावर मांडतं. रॉडरिक स्मिथ यांनी 2012 मध्ये रीफिट या जुन्या प्रकल्पातून ते पुढे आणलं. आईला काळ्या पडद्यावरच्या ओळी वाचण्यापेक्षा विंडोजचं चित्र निवडणं कितीतरी सोपं गेलं, आणि आमच्या घरी ते टिकलं ते एवढ्याचसाठी. सुरुवातीला मात्र पडद्यावर गर्दी होते, एकाच लिनक्सची दोन-तीन चित्रं दिसतात. नको असलेल्या चित्रावर जाऊन डिलीटची कळ दाबली की ते लपवता येतं. सिक्युअर बूट ठेवायचं तर आपली किल्ली नोंदवावी लागते. ते शक्य आहे, पण वेळखाऊ.

सिस्टमडी-बूट तिघांत साधं. पूर्वीचं गमीबूट 2015 मध्ये सिस्टमडीत, म्हणजे लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेत, सामील झालं ते हे. प्रत्येक नोंद म्हणजे छोटी टेक्स्ट फाइल, उगाच लांबण नाही. सुरू होताना डब्ल्यू दाबून ठेवलं की थेट विंडोज. पण कर्नल ईएफआय पार्टिशनवर (डिस्कच्या ज्या छोट्या भागात बूटलोडर असतो तिथे) किंवा त्याच डिस्कवरच्या खास बूट पार्टिशनवर ठेवावं लागतं, आणि विंडोजने बनवलेलं ईएफआय पार्टिशन बहुतेकदा 100 एमबीचंच असतं. एक-दोन कर्नलमध्येच ते भरतं. शिवाय विंडोज दुसऱ्या डिस्कवर असेल तर ते आपोआप दिसत नाही. एक विंडोज, एक लिनक्स, नवी डिस्क आणि पार्टिशन स्वतः आखण्याची तयारी असेल, तरच मी हे सुचवीन.

दोन डिस्क असतील तर चौथी वाटही आहे: प्रत्येक सिस्टिम आपापल्या डिस्कवर ठेवा आणि सुरू होताना एफ12 किंवा तुमच्या बोर्डाची कळ दाबून निवडा. कोणी कोणाच्या फाइलला हात लावत नाही. मात्र रोज कळ लक्षात ठेवणारा माणूस हवा, आणि आमच्या घरी तो नाही.

लिनक्समध्ये नवखे असाल तर आहे ते ग्रब राहू द्या. तीन-चार वितरणं सतत बदलत असाल, किंवा घरात आईसारखं कोणी असेल, तर रीफाइंड घ्या. काहीही बदलण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. सिक्युअर बूटला हात लावला की विंडोज ती मागू शकतं, आणि ती नसेल तर हिशेब आत अडकतात.

आणि लिनक्समधून विंडोजमध्ये आल्यावर दुपारी 12 ला घड्याळ सकाळचे 6:30 दाखवू लागलं, तर बूटलोडर बदलू नका. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक समजतं, म्हणून आपल्याकडे नेमका साडेपाच तासांचा फरक पडतो. लिनक्सला ते घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगितलं की तो जातो.