किशोरीताईंचा भूप : जुनी एलपी घेताना

एका बाजूला राग भूप, दुसऱ्या बाजूला राग बागेश्री. शास्त्रीय गायिका किशोरी आमोणकरांची एचएमव्ही कंपनीची ही एलपी (लाँग-प्ले तबकडी) जुन्या रेकॉर्डच्या बाजारात अजून हाती लागते. डोळ्यांत पाणी आणणारं गाणं म्हटलं की आपण विरह शोधतो. त्या हिशोबाने 'आज सह्यो ना जाए विरहा'वाली बागेश्रीची बाजू सरस ठरायला हवी. ती आहेही सुरेख. पण पैसे मोजायचे ते भूपासाठी.

भूपात मध्यम-निषाद (म आणि नी) वर्ज्य, कोमल स्वर एकही नाही. सा रे ग प ध एवढ्याच ऐवजात लगतच्या दोन सुरांमध्ये कुठेही अर्ध्या सुराचं अंतर नाही; म्हणजे करुण रसाची नेहमीची सामग्रीच गायब. तरी गळा दाटतो, आणि त्याचं श्रेय गंधाराला, म्हणजे 'ग'ला. विलंबित (संथ लयीतल्या) 'प्रथम सूर साधे'मध्ये ताई गंधारावर घाईने येत नाहीत. पंचमावरून (प) मींडेने, म्हणजे सूर न तोडता घसरत, उतरतात, गंधारावर ठेहराव घेतात आणि मग रिषभावरून षड्जाला येतात. धैवतावर (ध) ठाण मांडलं तर याच पाच सुरांचा देसकार हा वेगळा राग होईल. तो तोल कुठेही ढळत नाही. लयीत बांधलेल्या जयपूर-अत्रौली या त्यांच्या घराण्याच्या गायकीच्या मानाने ही आलापी फारच संथ, आणि घराण्याची चौकट मोडल्याची टीका ताईंनी पुष्कळ सोसली. पण एवढा संयम पाळलाय म्हणूनच द्रुत (जलद) 'सहेला रे' सुरू होताच मोकळं वाटतं. तेवढाच तुकडा कापून ऐकणाऱ्यांचा अर्धा भूप फुकट जातो. (गंमत म्हणजे बंदिशीत गोष्ट सप्तसुरांची, राग पाचांचा.)

खरेदीतली खरी अडचण इथेच आहे. द्रुत बंदिश बाजूच्या शेवटी येते, म्हणजे लेबलाजवळच्या खाचांत. तबकडी सगळीकडे 33⅓ फेऱ्यांनीच फिरते, पण आतल्या फेरीचा घेर बाहेरच्या फेरीच्या निम्म्याहूनही कमी. तेवढ्याशा जागेत तेवढ्याच वेळाचं गाणं कोंबलेलं असतं. घासलेल्या सुईने वाजलेल्या प्रतीत नेमकी तिथेच तार सप्तकातली तान चिरकते आणि शब्दांतला 'स'चा उच्चार फिसकारतो. दुकानदार पहिलं मिनिट लावून दाखवेल. तुम्ही शेवटची चार मिनिटं ऐकायचा हट्ट धरा.

खरखर असेल तर डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ मायक्रोफायबरने खाचेच्या दिशेने पुसा, लेबल कोरडं ठेवा. पुसल्यावर गेली ती धूळ. उरली ती झीज, तिला औषध नाही. सुईचा भार कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) कागदावर दिलेला असतो, चुंबकीय कार्ट्रिजला सहसा दीड ते दोन ग्रॅम. रेकॉर्ड जपायची म्हणून तो कमी करू नका, हलकी सुई खाचेत उडते आणि जास्त ओरबाडते.

कव्हर फाटकं असेल तर खुशाल घ्या, भाव पाडून मिळेल. वाकडी झालेली तबकडी मात्र स्वस्तातही नको: लांब ठेहरावात सूर डुलला की गंधारच हातचा जातो. असली प्रत घेण्यापेक्षा स्ट्रीमिंगवर विलंबितासकट पूर्ण भूप ऐकलेला बरा.