घरचं बीपी मशीन की चोवीस तासांचा पट्टा?
पंचवटीत राहणाऱ्या माझ्या आईचं बीपी दवाखान्यात कायम चढलेलं. घरच्या मशीनवर सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजून वहीत लिहिलं, तर सरासरी 135/85 च्या खाली. पण झोपेतलं बीपी या मशीनला कळत नाही. चोवीस तासांचा पट्टा दिवसा दर 15 ते 30 मिनिटांनी दंड आवळतो, रात्रीही मोजत राहतो. झोपेत बीपी साधारण 10 ते 20 टक्के उतरायला हवं. ते उतरलं नाही तर हृदयाला आणि मेंदूला धोका. आईची झोपमोड झाली, अंघोळ राहिली, गोदाघाटावर भाजी घेताना पट्टा फुगला की हात सैल सोडून थांबावं लागलं. तरी निदानासाठी मी पट्टाच निवडेन. गोळ्या सुरू झाल्यावर रोजच्या नोंदींना घरचं मशीन बरं. फक्त त्याचा कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायची फुगणारी पट्टी, दंडाच्या मापाचा घ्या.