पिवळा बल्ब की एलईडी: जास्त टिकतं कोण?
पिवळा बल्ब साधारण 1000 तास जळतो. रोज पाच तास लावला तर जेमतेम साडेसहा महिने. आतली टंगस्टनची तार तापून झिजत जाते, काच आतून काळवंडते आणि एके संध्याकाळी बटण दाबताच खेळ खलास. नेमका बटण दाबतानाच का? थंड तारेचा रोध कमी असतो, त्यामुळे पहिल्या क्षणी करंट कितीतरी पट जास्त धावतो. गेलेला बल्ब कानाशी हलवला की तुटकी तार किणकिणते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर गावच्या अग्निशमन केंद्रातला 1901 पासून जळणारा बल्ब दाखवून कोणी वाद घालेल. पण तो अगदी मिणमिणता जळतो आणि सहसा बंदच केला जात नाही.

एलईडीच्या खोक्यावर 15000 ते 25000 तास छापलेले असतात, म्हणजे त्याच हिशेबाने आठ ते साडेतेरा वर्षं. इथे एक मेख आहे. हा आकडा बहुधा दिवा बंद पडण्याचा नसतो, उजेड मूळच्या 70 टक्क्यांवर उतरण्याचा असतो. शिवाय आधी दगा देतं ते बुडातलं सर्किट. उष्णतेने त्यातला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग, सुकतो आणि दिवा लुकलुकायला लागतो. माझा बंद काचेच्या शेडमधला एलईडी दोन वर्षांत गेला. त्याच्याच जोडीचा, उघड्या होल्डरमधला, अजून ठणठणीत आहे.

तरी घरभर एलईडीच लावावेत, फक्त त्यांना हवा लागू द्यावी. ओव्हनच्या आत मात्र पिवळाच. तिथल्या धगीत एलईडीचा निभाव लागत नाही.