चॉकलेटच्या वेष्टनातली तबकडी

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात 'शिकागो' या अमेरिकन बँडची 'शिकागो टेन' ही जुनी एलपी तबकडी 600 रुपयांना मिळाली. विकणारा म्हणाला, "एकदम क्लीन, पात्रांव." घरी फोंड्याला आणून ट्यूबलाइटखाली धरली तर कडेने पांढरी बुरशी. आपल्याकडचा पावसाळा कुणाला सोडतो? ओल्या मऊ फडक्याने पुसली, बरीच गेली. पण ज्या गाण्यासाठी पैसे मोजले, पहिल्या बाजूचं चौथं, 'इफ यू लीव्ह मी नाऊ', त्याच्या मध्यावर ओरखडा आहे. दर फेरीला एक टक्, तीही लयीत नाही. एखादा तबलजी असा वाजवता तर पहिल्या अंकानंतरच घरी गेला असता.

मी जत्रेतल्या नाटकांना पेटीची साथ करतो, त्यामुळे विरहाची पदं पुष्कळ ऐकली आहेत. आपल्याकडे विरह आला की तान येतेच. इथे बँडचा गायक पीटर सेतेरा उंच, पातळ आवाजात आर्जव करतो आणि शेवटपर्यंत तोल सोडत नाही. आधी फ्रेंच हॉर्न, मग गिटार, मागे व्हायोलिनांचा गालिचा.

गंमत म्हणजे हा बँड ओळखला जायचा तो पितळी वाद्यांच्या दणक्यासाठी. 1976 साली अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत त्यांचं पहिल्यांदाच एक गाणं, हेच, पहिल्या क्रमांकावर गेलं, दोन आठवडे राहिलं, ब्रिटनमध्ये तीन. आणि त्यात दणका जवळजवळ नाहीच. माझा शेजारी लग्नांच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. जोडपी नाचायला उठली की सुरुवातीचा हॉर्नचा तुकडा हळू वाजवून वाद्य मांडीवर ठेवतो. म्हणतो, "ह्या गाण्याचे पैसे बसून मिळतात."

गाण्याला दोन ग्रॅमी पुरस्कार, कव्हरलाही एक. कव्हर म्हणजे अर्धवट सोललेलं चॉकलेट, माझ्या प्रतीवर कोपरा कसरीने खाल्लेला.

बाकीची गाणी ठीक, पुन्हा लावीन असं नाही. पुढच्या शुक्रवारी परत गेलो, विकणाऱ्याने कुरकुरत 100 रुपये दिले. 500 ला परवडली. घेणार असाल तर तिथेच उन्हात तिरकी धरून बघा, बोलण्यावर जाऊ नका.

काल रात्री शेजाऱ्याला ऐकवली. हॉर्न संपला तसा म्हणाला, "परत लाय रे." सुई पाच वेळा मागे नेली. टक् येईपर्यंत आम्ही पोचलोच नाही.